बाबांचं आडनाव, बहिणीचं बाळ

बहिणीचा फोन आला तेव्हा मी दुबईत, करामातल्या आमच्या स्वयंपाकघरात थालीपीठ लावत होते. हात पिठानं भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. तिथेच चुकलं. नाहीतर ती बातमी बाबांना मी सांगितली असती, माझ्या पद्धतीनं, थोडं पाणी घालून.

"ताई, बाळाचं नाव फायनल झालं," ती म्हणाली. "आपलं आडनाव."

"आडनाव तर त्याच्या बापाचं लागेल ना?"

"अगं आडनाव त्याच्या बापाचंच. पण फर्स्ट नेम आपलं आडनाव. म्हणजे बाबांचं आडनाव हेच बाळाचं नाव. कूल ना?"

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं, चांगलं ऐसपैस आहे. इथे लिहीत नाही, कारण आता ते एका बाळाचं नाव आहे. त्या आडनावानं आजवर लोकांनी हाका मारल्या त्या बाबांना, बाबांच्या वडिलांना आणि ऑफिसात चुलत्यांना. पाळण्यातल्या पोराला त्या नावानं बोलवायचं म्हणजे हेडक्लार्कला लंगोट बांधण्यातला प्रकार, असं माझ्या जिभेवर आलं होतं.

पण समोर बसलेल्या बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "परत सांग," ते फोनकडे बघून म्हणाले. तिनं परत सांगितलं. मग ते हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. खांदे हलेपर्यंत हसले आणि म्हणाले, "अरे वा! म्हणजे आम्ही अजून संपलो नाही तर!"

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झाला हेवा. सख्ख्या बहिणीच्या दोन आठवड्यांच्या बाळाचा हेवा करणारी बाई चांगली म्हणायची का, हा प्रश्न मला त्याच वेळी पडला होता, पण उत्तर शोधायला सवड नव्हती. तव्यावरचं थालीपीठ एका बाजूनं काळं झालं होतं. तेच मी बाबांच्या ताटात वाढलं. त्यांनी ते संपवलं, बहुधा त्यांना कळलंही नाही.

आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. बाबांना त्याची खंत नव्हती, निदान ते तसं कधी बोलले नाहीत. बोलायला बाकीचे होते. प्रत्येक लग्नकार्यात कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणायचंच, "तुमचं नाव पुढे चालवणारं कोणी नाही हो." बाबा त्यावर "असू दे, असू दे" म्हणत आणि पंगतीत पुढे सरकत. मी थोरली असल्यामुळे ते सुस्कारे जास्त ऐकलेत. लहानपणी मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हे नाव आपण चालवायचं. कसं, ते काही माहीत नव्हतं.

मग माझं लग्न झालं. रीतसर पत्रिका जुळवून, बाबांच्या पसंतीनं. आमच्यात लग्नात तबकात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. माझ्या नवऱ्यानंही लिहिलं, सुवाच्य लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीसुद्धा लाजून हसले. नाव गेलं, पाठोपाठ आडनावही गेलं. माहेरी मला पहिल्यापासून सगळे ताईच म्हणतात, त्यामुळे ते जुनं नाव घ्यायला कोणी उरलंच नाही. शाळेतल्या मैत्रिणी होत्या, पण त्यांचीही तीच गत. मध्यंतरी मी फेसबुकवर वर्गातल्या मुली शोधल्या, तर एक सापडेल तर शपथ. मुलगे मात्र झाडून सगळे सापडले, टक्कल पडलेले, पण नावानिशी.

मुलगी झाली तेव्हा मी भीतभीत म्हणाले होते की तिच्या नावापुढे दोन्ही आडनावं लावू या. सासूबाई हसल्या. "दोन-दोन आडनावं लावायला ती मुलगी आहे की वकिलांची कंपनी?" सगळे हसले. विनोद चांगला होता, हे मला आजही मान्य करावं लागतं. नाव नक्षत्रावरून निघालेल्या अक्षराचं ठेवलं, बाबांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, "छान आहे." पाहुण्यांच्या घरचे पडदे छान आहेत म्हणतात, तसं.

आणि ही माझी धाकटी बहीण. इव्हेंट कंपनीत नोकरीला दुबईत आली आणि इथल्याच एका स्कॉटलंडच्या माणसाशी लग्न ठरवून मोकळी झाली. बाबा त्या लग्नाला आले नव्हते. गुडघ्याचं कारण सांगितलं होतं, पण गुडघा त्याच महिन्यात देवदर्शनाला जाऊन आला. लग्नानंतर हिनं नाव बदललं नाही. मला वाटलं, काहीतरी तत्त्व असेल. विचारलं, तर म्हणाली, "तत्त्व कसलं गं, पासपोर्ट चेंज करायचा कंटाळा आला." मी जे रडून सोडलं ते हिनं आळसानं राखलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते काही खोटं नाही.

आडनावाची कल्पना तिच्या नवऱ्याची होती. त्यांच्याकडे म्हणे पहिल्या मुलाला आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव नाव म्हणून देतात. त्याचं स्वतःचं नावही त्याच्या आजीच्या माहेरचं आडनाव आहे. पुढच्या शनिवारी तो बाबांना भेटायला आला तेव्हा हे सगळं त्यानं सावकाश इंग्रजीत समजावून सांगितलं, आणि बाबा मान डोलावत राहिले. ज्या जावयाच्या लग्नाला गेले नाहीत त्याच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. माझ्या नवऱ्याला त्यांनी पंधरा वर्षांत आदरानं 'जावईबापू' म्हटलंय, पाठीवर हात ठेवलेला मला आठवत नाही.

त्यानंतर बाबांनी करामाभर दवंडी पिटली. बाबा दोन महिन्यांसाठी व्हिजिटवर आले होते, माझ्याकडे उतरले होते. त्यांची पथ्यं मी सांभाळत होते, गोळ्या मी देत होते, आणि संध्याकाळी पार्कात बसून ते कौतुक सांगायचे ते मात्र बहिणीकडच्या, मरीनातल्या नातवाचं. खालच्या बकाल्यात दूध आणायला गेले तरी तेच. तो दुकानदार केरळचा. बाबा त्याला हिंदीत सांगत होते, "हमारा सरनेम अभी स्कॉटलंड में जायेगा."

"मब्रूक, अंकल!" तो म्हणाला. "मिठाई किधर है?"

बाबांनी सगळ्या दुकानाला पुरतील एवढे लाडू घेतले. इतके दिरहम म्हणजे किती रुपये हा हिशेब ते एरवी कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा मोठ्यानं करतात. त्या दिवशी केला नाही, हे मी बरोबर टिपलं. घरी येऊन लाडूचा एक बॉक्स माझ्याही हातात दिला. शेजाऱ्यांना देतात तसा.

रात्री मी नवऱ्यापाशी कुरकुर केली. तो कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत आहे, दिवसभर साइटवर उन्हात उभा असतो, त्यामुळे घरी त्याचं डोकं थंड असतं.

"पण तुला त्याचा त्रास का होतोय?" त्यानं विचारलं. "ते आता तुझं आडनाव कुठे आहे? तुझं आपलं आहे."

समजूत घालायलाच बोलला बिचारा. पण मी कूस बदलली आणि भिंतीशी बोलायला लागले.

त्याच सुमाराला क्लिनिकमध्ये एक गोष्ट घडली. मी ऊद मेथाला एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिथे एक इमिराती आजी नियमित येतात. जुन्या वळणाच्या आहेत, हिंदी आपल्यापेक्षा झकास बोलतात. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून त्यांनी विचारलं, "ये तुम्हारे बाप का नाम है?"

"नहीं माँजी, हजबंड की फॅमिली का."

त्यांनी बुरख्यातून हात बाहेर काढून हवेत उडवला. "और बाप का? खलास?"

त्यांच्यात लग्न झालं तरी बाई बापाचंच नाव लावते, मरेपर्यंत. मी हसून त्यांना बसायला सांगितलं आणि पुढचा पेशंट आत सोडला. पण 'बाप का खलास' हे दिवसभर डोक्यात फिरत राहिलं. आठ तासांत मी चार जणांना चुकीच्या खोलीत पाठवलं.

बारशाच्या आदल्या आठवड्यात बहिणीचा परत फोन आला. आधी बाळाच्या पोटदुखीबद्दल बोलली, मग एसीबद्दल. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला कधीच जमलं नाही, म्हणून मीच विचारलं, "काय हवंय?"

"ताई, ह्याची सिस्टर येऊ शकत नाही. ट्राय केलं, पण तिची लीव्ह नाही. आत्या कोण होणार? मग मी म्हटलं, तूच हो ना आत्या. कानात नाव तू सांग."

"मी मावशी आहे."

"फक्त त्या दहा मिनिटांपुरती आत्या हो. प्लीज. यल्ला, एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात, हे तिला कसं सांगणार? कानात नाव सांगते ती बापाची बहीण, म्हणजे बापाच्या घरची बाई. म्हणजे मी उभी राहायचं स्कॉटलंडवाल्यांच्या बाजूनं, आणि माझ्या बापाचं आडनाव माझ्याच तोंडानं त्यांच्या घरात देऊन टाकायचं. पंधरा वर्षांपूर्वी ते माझ्याकडून काढून घेतलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आता वाटायला मात्र मी हवी होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघते," मी म्हणाले.

"बाबांनीच सांगितलं," ती म्हणाली. "ते म्हणाले, ताईलाच सांगू दे."

मग नाही म्हणायची सोय राहिली नाही. बाबांना हे का सुचलं असेल यावर मी दोन दिवस विचार केला. ताई आहे ना, ती करेल, या हिशेबात त्यांनी आजवर मला पुष्कळ कामं सांगितली आहेत. हे त्यातलंच एक, असं मी धरून चालले.

इथल्या मराठी कुटुंबांत एक लाकडी पाळणा फिरतो. मूळचा कोणाचा, ते आता कोणालाच आठवत नाही. ज्यांच्याकडे शेवटचं बारसं झालं त्यांच्याकडे तो पडून असतो, आणि पुढच्यांनी येऊन न्यायचा. माझी मुलगीही त्याच पाळण्यात झुलली. या वेळी तो शारजात होता. नवरा कंपनीच्या पिकअपमधून घेऊन आला आणि आम्ही तो मरीनाच्या त्या उंच इमारतीत सामानाच्या लिफ्टमधून वर चढवला. बहिणीच्या घरातून समुद्र दिसतो. माझ्या घरातून समोरच्यांची वाळत घातलेली धुणी दिसतात. तेही लिहून टाकते, एकदा हेवा म्हटल्यावर त्यात निवडानिवड कशाला?

करामातल्या माझ्या मैत्रिणी आल्या होत्या. घुगऱ्या, सुंठवडा मीच करून नेला होता. जावई झब्बा घालून दारात उभा होता आणि प्रत्येक बाईला वाकून नमस्कार करत होता, बायका त्याच्यावर खूश. खरी आत्या फोनच्या पडद्यावर होती. फुलदाणीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून ती सगळ्यांना हात हलवून दाखवत होती.

बायकांची थट्टा सुरू झाली. "आता याला अरेतुरे कसं करायचं गं? आडनावाला अहोजाहोच करावं लागणार. अमुककर उठले का? अमुककरांनी शी केली!" बाबा सगळ्यांत जास्त हसत होते. मग जावयानं पाळण्यावर वाकून बाळाला खरंच त्या नावानं हाक मारली, त्याच्या त्या जड उच्चारात, आणि बाबांनी सवयीनं मान वर केली. आयुष्यभर ऑफिसात त्याच नावानं हाका ऐकलेला माणूस तो. पुन्हा हशा. मी तेव्हा बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर एवढं सुख होतं, आणि त्यातलं काहीच माझ्यामुळे नव्हतं.

पाळण्याची दोरी माझ्या मुलीच्या हातात दिली होती. ती तेरा वर्षांची, इथेच वाढलेली. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते इंग्रजीत. ती पाळण्याच्या डोक्याशी उभी होती. मी बाळाच्या कानाशी वाकले, तशी खोली गप्प झाली. बाळाला दुधाचा आणि नव्या कापसाचा वास येत होता. त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. रूप म्हणाल तर बाबांचं कपाळ, आमच्या आईची हनुवटी. माझ्या मुलीत यातलं काही नाही, ती पूर्ण सासरच्या वळणावर गेली आहे.

"कुर्रर्र," मी म्हटलं, आणि मग ते नाव घेतलं.

ते आडनाव मी जन्मात कधी सुटं उच्चारलं नव्हतं. आपल्याकडे कोण उच्चारतं? शाळेच्या हजेरीत, परीक्षेच्या हॉलमध्ये, बँकेच्या खिडकीशी आधी आपलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, तिन्ही एका दमात. जीभ सवयीनं त्याच वाटेनं गेली. माझं लग्नाआधीचं नाव, बाबांचं नाव आणि आडनाव, असं सगळं मी त्या पोराच्या कानात सांगून मोकळी झाले. सांगून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

बाळाच्या पाठीवर हात ठेवून मी पुन्हा वाकले आणि नुसतं आडनाव सांगितलं, सुटं, जसं सांगायला हवं होतं तसं. तेवढ्यात बायकांचे धपाटे पाठीत बसायला लागले. "काय सांगितलंस? मोठ्यानं सांग!" मी मोठ्यानं सांगितलं. टाळ्या वाजल्या, फोनमधल्या खऱ्या आत्यानंही वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एकजण म्हणाली, "अगं बाई, जोरात लागलं का?" मी म्हटलं, हो.

जेवणं झाली. बहिणीनं मला आत्याची म्हणून पैठणी दिली, मोरपिशी रंगाची, माझ्याच आवडीची. मी ती घेतली आणि तिच्यावरचा राग तेवढ्यापुरता खाली ठेवला. निघताना बाबांनी बाळाला उचलून घेतलं आणि लिफ्ट येईपर्यंत खाली ठेवलं नाही. मी चपला घालून वाट बघत उभी राहिले.

परतीच्या वाटेवर नवरा गाडी चालवत होता, बाबा त्याच्या शेजारी पुढे, मी आणि मुलगी मागे. बाबा डोळे मिटून बसले होते. मी खिडकीतून दिव्यांकडे बघत होते आणि मनातल्या मनात बहिणीशी भांडत होते, आणि त्या भांडणात जिंकतही होते.

"आई," मुलगी म्हणाली, "हू इज दॅट लेडी?"

"कोण लेडी?"

"तू फर्स्ट टाइम बाळाच्या कानात म्हणालीस ना, बिफोर द रिअल नेम. समबडीज होल नेम." आणि तिनं ते म्हणून दाखवलं. पहिला शब्द जरा अडखळत, दुसरा बरोबर, कारण ते तिच्या आजोबांचं नाव होतं, आणि तिसरा अगदी स्पष्ट, कारण तो दिवसभर सगळ्यांच्या तोंडी होता. "इज शी अवर रिलेटिव्ह?"

माझं पहिलं नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते, आणि तेही माझ्या मुलीच्या तोंडून, परक्या बाईचं म्हणून. दोष तिचा नव्हताच. तिला कोणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. नवऱ्यानं आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला.

"काय म्हणाली ती?" पुढून बाबांनी विचारलं. ते झोपलेले नव्हते. "परत म्हण गं बाळा."

तिनं परत म्हटलं. या वेळी पहिला शब्दही नीट आला.

"ती माझी मुलगी आहे," बाबा म्हणाले. "थोरली."

"बट आबा, थोरली इज आई."

पट्टा सैल करून बाबा सीटवर अर्धे मागे वळले, गुडघ्याला त्रास होतो म्हणून एरवी वळत नाहीत, आणि त्यांनी मला हाक मारली. ताई म्हणून नाही. माझं नाव, त्यांचं नाव, आडनाव, सावकाश, तिन्ही शब्द सुटे सुटे करून. आणि मी ओ देईन म्हणून तसेच वळून बसून राहिले.